पाणबुडीवाला पाहुणा आणि आजोबांचं पान

मी आयुष्यात पुष्कळ मूर्खपणा केला आहे, आणि त्यातला बराचसा हौसेनं केला आहे. पण एक मूर्खपणा मी जेवणाच्या टेबलापाशी, हातात वाढायचा चमचा धरून, चार वाक्यांत केला, आणि तो माझ्या आईनं छत्तीस वर्षं भोगला. एका जर्मन म्हाताऱ्यानं आईला एक खरी गोष्ट सांगितली. आईला जर्मन येत नव्हतं, त्याला मराठी येत नव्हतं. मधे मी होते. मी त्या खऱ्या गोष्टीच्या जागी एक खोटी ठेवली आणि वर शिकरण वाढलं.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. आज ती बाई मला रस्त्यात भेटली तर मी फूटपाथ बदलीन. पुण्यात जर्मनच्या चार परीक्षा दिलेल्या, चारही पास, आणि ते दिवसातून एकदा तरी कुणाला सांगितल्याशिवाय झोप यायची नाही. आमचे हे विमा कचेरीत. बदलीनं जयपूरला आले आणि मागोमाग मी आले. बनी पार्कात घर मिळालं. शेजारीपाजारी परदेशी पाहुणे उतरायची गेस्टहाउसं. महिनाभरात माझं जर्मन कामाला लागलं आणि मी गाईड झाले. डोक्याला रुमाल, डोळ्यांवर हा एवढा गॉगल. रिक्षावाले मला मॅडमजी म्हणायचे आणि मला वाटायचं, जर्मनमुळे म्हणतात. ते गॉगलमुळे म्हणत होते.

गाईडचं खरं काम किल्ले दाखवणं नव्हे. दोन्ही बाजूंना खूश ठेवणं हे खरं काम. चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या, दुकानात जवाहिऱ्या माझ्याकडे बघून म्हणायचा, "यह बुड्ढा कुछ लेने वाला नहीं, आप भी कहाँ से पकड़ लाती हैं." मी पाहुण्याला सांगायची, "ते म्हणतात, तुम्हाला रत्नांची पारख आहे." पाहुणा नाक मुरडून म्हणायचा, "हा माणूस चोर दिसतो." मी दुकानदाराला सांगायची, "साहब को दुकान बहुत पसंद आई." दोघंही हसत हात मिळवायचे. मला यात काही गैर वाटत नव्हतं. उलट अभिमान होता. माझ्या तोंडातून गेलेला शब्द कडू राहूच शकत नाही, असं मी यांना सांगितलं होतं. हे म्हणाले होते, "हो, फक्त घरात काय होतं त्याला?"

मुलगा वर्षाचा होता. मी दिवसभर बाहेर, म्हणून त्याला सांभाळायला आई पुण्याहून आली. आता तिच्या वडिलांबद्दल सांगायला हवं, नाही तर पुढचं काही कळायचं नाही.

आई मूळची रत्नागिरीकडची, खाडीकाठच्या गावातली. तिचे वडील बोटीवर होते. आगवाला. म्हणजे इंजिनाखालच्या भट्टीत कोळसा टाकणारा. तिकडची पुष्कळ माणसं तेव्हा या कामाला जायची. महायुद्धात त्यांची मालबोट आफ्रिकेच्या बाजूला बुडाली. कंपनीचा इंग्रजी कागद आला. पोस्टमास्तरांनी तो वाचून सांगितलं, "बेपत्ता आहे म्हणतात." मेला असं कुणी म्हटलं नाही. आजी तेव्हा आईच्या वेळची बाळंतीण होती. वर्षभरानं त्याच बोटीवरचा पलीकडच्या गावचा एक माणूस चालत घरी आला. होडीतून कुठे तरी लागला होता. मग काय? एक आला म्हणजे दुसराही येईल. आजीनं कुंकू पुसलं नाही. हिरव्या बांगड्या काढल्या नाहीत. बोटीचं नाव ती सवतीचं घ्यावं तशी घ्यायची.

वर्षं जाऊ लागली तसं गाव बोलायला लागलं. येणार कसा, त्यानं तिकडे दुसरं बिऱ्हाड केलंन. मग त्याला आणखी एक शेपूट जोडलं गेलं: मुलगी झाल्याचं पत्र पोचलं, म्हणून आलाच नाही. हे आई वयाच्या पाचव्या वर्षापासून ऐकत आली. नदीवर, शाळेत, लग्नाच्या मांडवात. आपण मुलगी झालो म्हणून बाप परत आला नाही. याचं खरंखोटं करणारं कुणी नव्हतं. कारण मेल्याची तिथी नाही, आणि आजी जिवंत असेपर्यंत त्याला मेलेला म्हणायची सोय नव्हती.

आजी गेली ती सवाष्ण म्हणूनच गेली. हिरवं लुगडं, हळदकुंकू, सगळं. त्यानंतरच्या भाद्रपदात आई माझ्याकडे होती. पितृपक्षात अविधवा नवमीला, सवाष्ण गेलेल्या बायकांचं पान ठेवतात त्या दिवशी, तिनं गच्चीवर आजीचं पान ठेवलं. संध्याकाळी मला म्हणाली, "बाय, औंदा अमावास्येला बापसाचं पण पान ठेवीन म्हणते. आई होती तवर धीर झाला नाही. आता बस झालं. गेला असेल तो. माणूस इतकी वर्षं पाण्यावर राहत नाही."

ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचं पान सर्वपित्रीला ठेवतात. सेहेचाळीस वर्षांची बाई आयुष्यात पहिल्यांदा बापाला मेलेला म्हणायला तयार झाली होती, आणि ते म्हणताना मला ती हलकी झालेली दिसली. मेला, म्हणजे सोडून गेला नाही. तिनं पत्तलीही आणून ठेवल्या. जयपुरात केळीची पानं कुठली?

नवमी आणि अमावास्या यांच्या मधल्या एका दुपारी मी त्या पाहुण्याला जेवायला घरी आणलं.

तो एकटा आलेला होता. पासष्टीचा, उंच, खांद्यात वाकलेला, निवृत्त पोस्टातला. आमेरच्या किल्ल्याच्या चढावर दम लागला तेव्हा तो म्हणाला की एखाद्या घरचं जेवण मिळालं तर बरं. मला तेवढंच हवं होतं. मराठी घर, पुऱ्या, शिकरण, बटाट्याची भाजी, आणि शेजारच्या बायकांना दिसेल असा गोरा पाहुणा.

आई वाढत होती. परक्या माणसाला वय विचारायचं आणि लढाईत काय करीत होतास ते विचारायचं, ही तिची जुनी सवय. विचारलंन. मी हसत जर्मनमध्ये सांगितलं. त्यानं काटा खाली ठेवला.

"पाणबुडीवर," तो म्हणाला. "इंजिनापाशी."

तो पुढे म्हणाला की पहिल्या सफरीनंतर त्याचा पाय मोडला. दुसऱ्या सफरीला पाणबुडी त्याच्याशिवाय गेली आणि परत आली नाही. त्याच्याएवढी सगळी मुलं, एक वाचलं नाही. मी हे आईला जसंच्या तसं सांगितलं. इथपर्यंत मी शहाणी होते.

आई जवळची खुर्ची ओढून बसली. "माझा बापूस पण इंजिनात होता म्हणून सांग. आगवाला. त्याची बोट फोडलेली यांच्या लोकांनी. विचार त्याला, बोट फोडल्यावर माणसांचं काय करीत?"

मी विचारलं. त्यानं आईकडे बघत, माझ्याकडे न बघता, सावकाश सांगितलं. ते मला आजही शब्दाला शब्द पाठ आहे.

"मी खाली होतो. मी पाहिलं काही नाही, फक्त ऐकलं. बोट इंजिनापाशीच फोडायची असते. इंजिनातली माणसं शिडीपर्यंत पोचत नाहीत. जी पाण्यात पडली, त्यांच्यासाठी आम्ही थांबलो नाही. थांबायचं नाही, असा हुकूम होता. तुमच्या आईंना सांगा, इंजिनातल्या माणसाला वेळ लागत नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मी इंजिनातला आहे."

आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

मला वाटलं, ही आता रडेल. पाहुण्यासमोर. पुऱ्या निवतील. आणि माझ्या तोंडातून तर कडू शब्द जात नाही.

"तो म्हणतो," मी म्हणाले, "माणसांना ते होड्या द्यायचे. पाणी द्यायचे, बिस्किटं द्यायचे. किनारा कुठल्या बाजूला आहे ते दाखवायचे. बहुतेक सगळे वाचायचे."

बिस्किटांचं मला अजून नवल वाटतं. कुठून सुचली?

आई म्हणाली, "इंजिनातले पण?"

"इंजिनातले पण."

ती उठली आणि हातातल्या दोन पुऱ्या त्याच्या ताटात टाकल्या. ताट रिकामं दिसलं की तिचा हात आपोआप जातो, त्यात दुसरं काही नव्हतं. त्यानं मला विचारलं, "काय म्हणाल्या?"

आणि मी दुसऱ्या बाजूलाही गोड बोलले. "म्हणते, खरं सांगितलंत ते बरं झालं. जेवा."

त्या माणसानं आईचा पिठाचा हात धरून कपाळाला लावला आणि तो रडायला लागला. आई मला म्हणाली, "हा गो कशाला रडतो?"

"घरची आठवण आली असेल."

पाहुणा गेला. दोघंही समाधानानं निरोप घेऊन सुटले, आणि संध्याकाळी मी यांना मोठ्या दिमाखात सांगितलं की आजचं जेवण फार छान झालं.

अमावास्येला सकाळी गच्चीवर काही दिसलं नाही. भिजवलेली डाळ आईनं आमटीत घातली होती. मी विचारलं, "आई, पान?"

"जित्या माणसाला पान ठेवतात होय?" ती म्हणाली. "वाचला म्हणतो ना तुझा जर्मन? वाचला आणि आला नाही. म्हणजे लोक बोलत होते तेच खरं."

त्या क्षणी सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण मग माझं जर्मन, माझा गॉगल, चार परीक्षा, सगळंच खाली आलं असतं. संध्याकाळी सांगू म्हटलं. मग पुण्याला जाऊ तेव्हा सांगू. मग मुलगा शाळेत जायला लागला. मग वाटलं, विसरली असेल.

ती विसरली नव्हती. तिनं वडिलांना घरकामाला लावलं होतं. बस चुकली की, "गेली मेली माझ्या बापासारखी." प्लंबर उद्या येतो सांगून आला नाही की, "आमच्या बापसाचा भाऊ दिसतो." पाण्याचा टँकर दोन दिवस उशिरा आला तर गच्चीवरून त्याला ऐकू जाईल अशा आवाजात बापाचा उद्धार व्हायचा. आम्ही सगळे हसायचो. मीसुद्धा. माझे वडील गेल्यावर आई कायमची इथे राहायला आली. लोक तिला विचारायचे, कोकणातल्या माणसाला या कोरड्या गावात करमतं कसं? ती म्हणायची, "इथे समुद्र नाही, तेच बरं."

दर नाताळला त्या पाहुण्याचं कार्ड यायचं. बर्फ, चर्च, आणि आईला नमस्कार. मी वाचून दाखवायची. शेवटचं मात्र पत्र होतं. त्यात एक वाक्य होतं, "तुमच्या आईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि तरीही मला पुन्हा वाढलं, एवढं मी बरोबर घेऊन जातो." ते मी आईला वाचून दाखवलं नाही. जर्मन शब्दकोशात ठेवलं आणि शब्दकोश माळ्यावर ठेवला.

हे सगळं तसंच माझ्याबरोबर चितेवर गेलं असतं. पण यंदा गणपतीच्या आधीच्या रविवारी माझी नात शाळेचं काम घेऊन आली. मुलगा-सून प्रताप नगरात राहतात. रविवारी सगळे इकडे जेवायला. नात बारा वर्षांची. तिचं मराठी बिचारं हिंदीच्या काठीवर टेकत चालतं. मोठ्या कागदावर तिनं एक झाड काढलं होतं, आणि प्रत्येक फांदीवर घरातल्या माणसांची नावं लिहायची होती.

आई लसूण सोलत बसली होती. नात तिच्यासमोर बसली. "मोठी आजी, तुमच्या पप्पांचं नाव सांगा ना."

"नाही सांगत."

"मतलब?"

"मतलब नको लिहू. जो माणूस मुलगी झाली म्हणून परत आला नाही, त्याला झाडावर कशाला चढवायचा?"

नात खो खो हसली. मग जरा थांबून म्हणाली, "पण तुम्हाला कसं माहीत, ते जिंदा होते?"

आईनं लसणाची पाकळी माझ्या दिशेनं केली. "तुझ्या आजीला विचार. हिच्याच तोंडून ऐकलंय."

नातीनं माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात चमचा होता. तोच असेल असं नाही, पण मला तो तोच वाटला.

कागदावर ती फांदी रिकामीच राहिली. नातीनं तिथे एक पक्षी काढून टाकला, म्हणाली, जागा खाली वाईट दिसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आई पूजेला बसलेली असताना, मी कॉम्प्युटर उघडला. बोटीचं नाव मला पाठ होतं. आजीच्या सवतीचं नाव कसं विसरेन? बोट सापडली. बोटीच्या पानावर ती फोडणाऱ्या पाणबुडीचा क्रमांक होता. पाणबुड्यांना नावं नसतात, नुसते क्रमांक. मग मी जर्मन पानं शोधली. इतक्या वर्षांचं गंजलेलं जर्मन, एकेक शब्द घासत वाचत गेले. चार परीक्षांचा उपयोग शेवटी या कामाला झाला.

त्या पाणबुडीचं आयुष्य एका पडद्यावर मावत होतं. शरदात सेवेत दाखल झाली. हिवाळाभर उत्तरेच्या थंड समुद्रात माणसांना शिकवत फिरली. वसंतात पहिली सफर, हाती काही नाही. म्हणजे पाहुण्याची ही नव्हे; त्यानं पहिल्याच सफरीत बोट फुटताना ऐकली होती. उन्हाळ्यात दुसरी सफर, एक मालबोट. परतताना विमानांनी गाठली, सगळ्यांसह तळाला. पुरतं वर्षही झालं नव्हतं. आमच्या कूलरची वॉरंटी याहून मोठी आहे. एवढं लोखंड, एवढं तेल, पन्नासेक पोरं, सगळं जुळवून आणलं, आणि त्या पाणबुडीनं जन्माला येऊन केलं काय? तर एकच बोट बुडवली. तीच.

खाली मुलांची यादी होती. नाव, काम, वय. एकोणीस, वीस, एकवीस. माझ्या मुलाच्या कॉलेजच्या फोटोतली वयं. इंजिनवाले कोण ते मी वेगळे वाचले. का, ते सांगता येणार नाही.

बोटीच्या पानावर घाव कुठे बसला तेही होतं. दुपारच्या पाळीला, इंजिनाच्या खोलीत. पाळीवरची माणसं जागच्या जागी गेली. बाकीचे दोन होड्यांत चढले आणि काही दिवसांनी सापडले. गेलेल्यांच्या यादीत आजोबा होते. त्यांचं गाव होतं, काम होतं, वय तेवीस. मी बासष्ट वर्षांची, आजी झालेली बाई, आणि माझे आजोबा तेवीस वर्षांचे.

पाहुणा खरं बोलला होता. इंजिनातली माणसं शिडीपर्यंत पोचत नाहीत.

आणि एक तारीख होती. इथल्या मराठी मंडळातल्या गुरुजींना मी फोन करून विचारलं, त्या वर्षीच्या त्या दिवशी तिथी कोणती? त्यांनी जुनं पंचांग काढलं. श्रावण वद्य द्वितीया. मी फोन ठेवला आणि बोटांवर मोजायला लागले. माझी आई ऋषिपंचमीची. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी झाली, हे आमच्या घरात पोरालाही माहीत आहे. श्रावण वद्य द्वितीया ते ऋषिपंचमी, अठरा दिवस. पुन्हा मोजले. अठराच.

म्हणजे आई जन्माला आली तेव्हा ते गेलेले होते. मुलगी झाल्याचं पत्र पोचायला कुणी नव्हतंच. मग पाणबुडी बुडाल्याची तारीख घेतली आणि तीही मोजली. ती बुडाली तेव्हा आई अकरा दिवसांची होती. दुसऱ्या दिवशी तिचं बारसं. गावात घुगऱ्या शिजत असतील, आणि बाप मारणारेही तोवर समुद्राच्या तळाशी गेलेले असतील.

चार दिवस मी हे पोटात घेऊन फिरले. मोदक बिघडले. यांनी विचारलं, "काय झालंय?" मी म्हटलं, "पित्त." ऋषिपंचमीला आईला ब्याऐंशी पूर्ण झाली. नातीनं फुगे लावले, सुनेनं केक आणला. दुपारी सगळे गेले. आई कॉटवर पाय पसरून बसली होती. मी तिच्यासमोर खाली बसले आणि सांगितलं. आधी पाणबुडीचं सांगितलं, कारण ते सोपं होतं. मग आजोबांचं. मग अठरा दिवस. मग, सगळ्यात शेवटी, पुरी-शिकरणाची दुपार. बिस्किटंसुद्धा.

ती मधे एकदाच बोलली. "त्या पाणबुडीतली पोरं किती वर्षांची म्हणालीस?"

"एकोणीस, वीस."

"मेल्यांना आया नव्हत्या?" ती म्हणाली. शिवी होती की हळहळ, मला कळलं नाही. मग ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

त्यानंतर ती माझ्याशी बोलेना. यांच्याशी बोले, कामवालीशी बोले, टाकीवरच्या पोपटांशीही बोले. माझ्यासमोर ताट सरकवायची आणि उठून जायची. एकदा नळवाला यायचा राहिला. आम्ही सगळे सवयीनं तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं. त्या दिवशी घरात कुणी हसलं नाही.

पाहुण्याचं पत्र मी माळ्यावरून काढून तिच्या उशाशी ठेवलं, मराठीत लिहून, या वेळी शब्दाला शब्द. ते सकाळी तिच्या पोथीत दिसलं.

पितृपक्ष लागला. द्वितीयेच्या पहाटे स्वयंपाकघरातून तळणाचा वास आला. उठून बघते तर आई वडे करत होती. भात, आमटी, भोपळ्याची भाजी, खीर. कुणाला हाक न मारता सगळं एकटीनं केलेलं. पत्तल मांडून तिनं गच्चीवर नेली. मी मागून पाण्याचा तांब्या घेऊन गेले. तिनं तो माझ्या हातातून घेतला, एवढंच. पान ठेवलं, पाणी फिरवलं आणि बाजूला होऊन उभी राहिली. ओठ हलत होते. नाव घेत असावी. ते नाव मी तिच्या तोंडून कधीच ऐकलेलं नव्हतं. त्या दिवशीही नीट ऐकू आलं नाही.

कावळ्याच्या आधी शेजारच्या कडुनिंबावरून मोर उतरला. ऐटीत चालत आला, खिरीत चोच बुडवून बघितली, आणि वडा उचलून कठड्यावर जाऊन बसला. मी हाकलायला पुढे झाले तर आईनं हात आडवा घातला.

"खाऊ दे त्याला. खलाशी माणूस. कुठल्या मुलखात कोण भेटेल त्याच्याबरोबर जेवायची सवय असेल."

बारा दिवसांनी ती माझ्याशी बोलली होती. मला एवढा धीर आला की मी लगेच दुसरा मूर्खपणा केला. विचारलं, "आई, आता नवमीला आजीचं पान कसं करायचं? ती तर सवाष्ण नव्हतीच."

"नवमीचं नवमीलाच होईल," ती म्हणाली. "ती कुंकू लावून गेली. आता तिला विधवा करणाऱ्या आपण कोण?"

ती कठड्याला धरून सावकाश खाली बसली. मीही बसले. मोर वडा संपवून आमच्याकडे बघत होता. मी म्हणाले, "आई, माझं चुकलं. मला माफ कर." हे म्हणायला मला छत्तीस वर्षं लागली, आणि म्हणताना आवाज पोरीसारखा झाला, तोच तो सव्वीस वर्षांच्या त्या बाईचा.

आईनं पदरानं हात पुसले, एकेक बोट करत. मग माझ्याकडे बघून म्हणाली:

"तुला करीन गो माफ, तू पोटची आहेस. पण छत्तीस वर्षं मी त्या मेलेल्या माणसाला शिव्या घातल्या, त्या परत कशा घ्यायच्या, ते आधी मला सांग."